कोकणातल्या एकत्र घरात पूर्ण व्हीगन जेवण: दही, चहा, तूप, नैवेद्य आणि बी १२

परसदार

नमस्कार. कुडाळजवळचं घर, एकच स्वयंपाकघर, खाणारी सहा माणसं. त्यांतली दोघं पूर्ण व्हीगन, म्हणजे मासे-अंडी नाहीतच, शिवाय दूध, दही, ताक, तूप आणि मधही नाही. उरलेले चौघं मासे खातात आणि सासूबाईंची देवपूजा रीतसर असते. दोन चुली मांडायच्या नाहीत, पंगत एकच हवी.

भाकरी, उसळ, भाजी, भात यांत काही अडत नाही. अडतं ते पुढच्या ठिकाणी, आणि तिथे शहरातले उपाय चालत नाहीत. बदामाचं किंवा ओटचं दूध रोज विकत घेणं परवडत नाही, आणि तालुक्याच्या बाजारात ते नेहमी मिळतंच असंही नाही.

नारळाच्या दुधाला विरजण लावलं की खाली पाणी आणि वर मलईचा थर, मधे दही नाहीच. कधी त्या थरावर गुलाबी झाक येते. सोयाबीनचं दूध घरी केलं तर उग्र वास येतो आणि चहात घातलं की फाटतं. सोलकढी फ्रीजमध्ये ठेवली की गुठळ्या होतात. वरणभातावर तुपाऐवजी काय घालता? गणपतीत मोदक, पंचामृत, नैवेद्य कसं सांभाळता? आणि बी १२ या जीवनसत्त्वाबद्दल तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं आंबवलेल्या पदार्थांत असतं, कुणी म्हणतं इंजेक्शनच हवं.

मापं आणि कारणं दोन्ही सांगितलीत तर बरं. काय बिघडतं आणि का, हे कळलं की पुढचं घरी जमवता येतं.

माडाखाली

परसदार, दह्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण तिथेच कंटाळून सोडून देतात.

गाईम्हशीचं दूध विरजतं ते त्यातल्या केसीन या प्रथिनामुळे. आंबटपणा वाढला की केसीनची जाळी तयार होते आणि पाणी त्या जाळीत अडकून राहतं. नारळाच्या रसात केसीन नाही, एकूण प्रथिनंही फार कमी आणि चरबी भरपूर. त्यामुळे तो आंबट होतो पण बांधला जात नाही. चरबी वर येते, पाणी खाली बसतं. तुमचं काही चुकत नाहीये, त्या पदार्थाचा स्वभावच तसा आहे. नारळाचंच दही हवं असेल तर दोन वाट्या दाट रसात दोन चमचे तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर आणि एक चमचा साखर घालून मंद आचेवर, सतत ढवळत, चमच्याच्या पाठीला चिकटेल इतकं दाट करायचं. पीठ बांधण्याचं काम करतं, साखर जंतूंना खाद्य म्हणून लागते. मग कोमट करून विरजण. तरी ते दह्यापेक्षा क्रीमच्या जवळ जातं, हे आधीच धरून चला.

गुलाबी झाक आली तर ते सगळं फेकून द्या. वरचा थर काढून खाली उरलेलं वापरणं धोक्याचं. ती झाक म्हणजे नको ते जंतू वाढले, आणि त्याचं कारण बहुधा भांडं किंवा रस नीट न तापवणं. रस नेहमी तापवून मगच विरजायचा.

रोजच्या वापराला शेंगदाण्याचं दही जास्त भरवशाचं. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर असल्यामुळे ते खरंच लागतं. एक वाटी (साधारण १५० ग्रॅम) कच्चे शेंगदाणे आठ तास भिजवा, चोळून सालं काढा, तीन पाण्यांनी धुवा. सालं राहिली तर दही करडं आणि तुरट होतं. अडीच वाट्या पाणी थोडं थोडं घालत अगदी बारीक वाटा, पातळ कापडातून पिळून घ्या. हे दूध मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. ढवळणं सोडू नका, बुडाला लागतं आणि करपट वास सगळीकडे जातो. बोट बुडवून दहा अंक मोजता येतील इतकं कोमट झालं की त्यात आठ-दहा हिरव्या मिरच्यांचे देठ टोपीसकट टाका. देठाला मिरचीचा तुटका तुकडा लागलेला नको, नाहीतर तिखटपणा उतरतो. देठांवर लॅक्टिक आम्ल करणारे जंतू असतात, तेच विरजणाचं काम करतात. एप्रिल-मेमध्ये सहा-सात तास, डिसेंबरात दहा-बारा तास. पहिलं दही पातळच लागतं, तेव्हा निराश होऊ नका. त्यातलं एक मोठा चमचा दही दुसऱ्या घाण्याला विरजण म्हणून लावलं की ते घट्ट येतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत शेंगदाण्याला बुरशी लवकर धरते, आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष उकळूनही जात नाही. सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे निवडून टाका. जून ते सप्टेंबर थोडेच आणा आणि हवाबंद डब्यात ठेवा.

आता थोडं वेगळं. दही नक्की कुठे कुठे लागतं ते एकदा मोजून बघा. आपल्याकडे आंबटपणासाठी आमसूल, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कैरी, बिंबल, चिंच एवढं असताना दही-ताकाची गरज घाटावरच्या स्वयंपाकापेक्षा कमीच पडते. काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि लिंबू घालून होते. गोकुळाष्टमीचं ताट आठवा: आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबार, शेवग्याच्या पाल्याची भाजी. त्यात दुधाचा थेंब नाही. नक्कल करण्यात दमण्यापेक्षा अशी ताटं आठवड्यात चार दिवस बसवली की उरलेल्या तीन दिवसांचंच बघायचं राहतं.

सोलकढीच्या गुठळ्यांचं कारण साधं आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, फ्रीजमध्ये पाच-सहा अंश असतात. म्हणजे त्या गुठळ्या तेलाच्या आहेत, कढी खराब झालेली नाही. बाहेर काढून अर्धा तास ठेवा आणि रवीने घुसळा. गरम मात्र करू नका. आगळाच्या आंबटपणात नारळाचा रस तापला की हमखास फाटतो. सगळ्यात चांगलं म्हणजे दाट रस आणि आगळ वेगवेगळे ठेवायचे आणि जेवायच्या आधी एकत्र करायचे. एका मध्यम नारळाला आगळ तीन ते चार मोठे चमचे, लसणाच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची. आगळात मीठ असतंच, त्यामुळे चाखल्याशिवाय वर मीठ घालू नका. उन्हाळ्यात बाहेर तीन-चार तासांच्या पुढे ठेवू नये.

रस काढताना पाणी उकळतं नको, हात बुडवता येईल इतकं गरम हवं. एका नारळाच्या खोबऱ्याला पहिल्यांदा एक वाटी, दुसऱ्यांदा दीड वाटी. आमटीत दुसरा पातळ रस आधी, आणि पहिला दाट रस शेवटी, गॅस बारीक करून. त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही. चोथा टाकू नका. तव्यावर कोरडा परतून लसूण, लाल तिखट, मीठ घातलं की सुकी चटणी होते, आठवडाभर पुरते.

काजूगर

चहाबद्दल. सोयाबीनच्या दुधाचा उग्र वास येतो तो वाटताना. बी फुटली आणि थंड पाणी लागलं की त्यातलं एन्झाइम तेलावर काम करतं आणि तो कच्चा, हिरवट वास सुटतो. म्हणून भिजवलेलं सोयाबीन (१०० ग्रॅम कोरडं, आठ ते दहा तास भिजवून) सालं काढून उकळत्या पाण्यातच वाटायचं. मिक्सरच्या भांड्याचं झाकण घट्ट दाबू नका, वाफेने उडतं. दोन टप्प्यांत वाटा. गाळून झाल्यावर किमान पंधरा-वीस मिनिटं उकळायचंच, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच जातात. १०० ग्रॅमचं पाऊण लिटरच्या आसपास चांगलं दूध होतं.

चहात फाटतं कारण चहा किंचित आम्ल, पाणी उकळतं आणि सोयाचं प्रथिन दोन्हींना घाबरतं. आलं घालत असाल तर ते चहापत्तीच्या आधी पाण्यात तीन-चार मिनिटं उकळू द्या, कारण कच्च्या आल्यातलं एन्झाइमही प्रथिन तोडतं. चहा गाळून घ्या, दूध वेगळं गरम करा आणि दुधात चहा ओता, चहात दूध नको. थंड दूध उकळत्या चहात पडलं की फाटणारच.

पण तुम्ही सिंधुदुर्गात आहात. तिथे सोयाच्या मागे लागण्यापेक्षा काजू तुकडा घ्या. वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात काजू प्रक्रिया करणाऱ्यांकडे तुकडा आणि कणी अख्ख्या काजूपेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि वाटायचंच असेल तर अख्खा काजू हवा कशाला? दोन कप चहाला बारा-चौदा काजूंएवढा तुकडा, तीन तास भिजवून, अर्ध्या कप पाण्यात गंधासारखा वाटायचा. गाळायची गरज नाही. दीड कप पाण्याचा चहा नेहमीसारखा उकळायचा, गॅस बारीक करून काजूचं दूध घालायचं, एक उकळी आली की बंद. जास्त उकळलं तर काजूतल्या स्टार्चमुळे चहा पेजेसारखा दाट होतो. वाटलेलं दूध फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं, तळाला साका बसतो, हलवून घ्यायचं.

नारळाच्या रसाचा चहा करू नका. वर तेलाचे डोळे येतात आणि चहाचा वास मरतो.

पेजभात

बी १२ वर गोंधळ नको, इथे चुकलं तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

इडली, आंबोळी, कांजी, शेंगदाण्याचं दही यांतून भरवशाचं बी १२ मिळत नाही. स्पिरुलिनामध्ये जे असतं ते बहुतांशी शरीराला न चालणारं, नुसतं दिसायला सारखं रूप. पालेभाजीला लागलेल्या मातीतून मिळेल यावरही विसंबू नये. गोळी घ्यायची, एवढंच उत्तर. सर्वसाधारण सल्ला असा असतो: रोज घेत असाल तर किमान १० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा घेत असाल तर किमान २००० मायक्रोग्रॅम. आकडे इतके लांबचे का? एका वेळी शरीर नेहमीच्या वाटेने दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषतं, त्यावरच्या डोसातलं साधारण एक टक्का जातं. म्हणून आठवड्याचा डोस रोजच्या डोसाच्या सातपट असून भागत नाही.

ही कमतरता उशिरा कळते. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, तोवर सगळं छान वाटतं. मग हातापायांना मुंग्या, जीभ लाल आणि हुळहुळी, थकवा, विसरभोळेपणा. आपल्या जेवणात पालेभाज्या आणि डाळींमुळे फोलेट हे जीवनसत्त्व चांगलं असतं, ते कमतरतेची रक्तातली खूण (अ‍ॅनिमिया) झाकून टाकतं आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं. म्हणून सुरुवातीलाच बी १२ तपासा. आधीच कमी असेल, मुंग्या येत असतील, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा घरात गरोदर बाई असेल तर डोस डॉक्टरांनी ठरवायचा. इंजेक्शन प्रत्येकालाच लागतं असं नाही.

गोळी घेताना बघा: कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटीनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असतं. साधी दाबलेली गोळी बरी, पण काहींत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. डी ३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात, डी २ किंवा दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी ३ चालतं.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, ती आयोडिनची. मासे आणि दूध ही किनाऱ्यावरची आयोडिनची दोन मोठी साधनं, आणि व्हीगन माणूस दोन्ही एकदम सोडतो. त्यात घरात मिठागरातलं खडेमीठ वापरत असाल तर ते सहसा आयोडिनयुक्त नसतं. समुद्राचं मीठ म्हणजे आयोडिन असणारच, हा गैरसमज आहे. खडेमीठ लोणच्याला, आमसुलांना राहू द्या, रोजच्या भाजी-आमटीला आयोडिनयुक्त मीठ घ्या, आणि ते चुलीच्या वाफेजवळ उघडं ठेवू नका.

कॅल्शियम मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत तिसरा हिस्सा झाला. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला तीनशेच्या आसपास. सालासकट तीळ चटणीत. अळू आणि पालक यांत कॅल्शियम दिसतं पण ऑक्झलेटमुळे अंगी लागत नाही, त्यांना या हिशेबात धरू नका. तरी हजारापर्यंत पोचणं रोज जमत नाही, तेव्हा डॉक्टरांशी बोलून पूरक गोळीचा विचार करावा.

प्रथिनांचा हिशेब ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम. अडीचशे ग्रॅम धान्यातून वीसेक, ८० ग्रॅम कुळीथ-मूग-वाटाणे यांतून अठरा, ४० ग्रॅम शेंगदाण्यातून दहा. जमतं, पण कडधान्य रोज आणि मोजून हवं. पेज, लोणचं आणि पालेभाजी एवढ्यावर दिवस काढला तर निम्मंही होत नाही. कुळथाचं पिठलं पातळ करतात तेव्हा माणशी जेमतेम एक चमचा पीठ जातं, तिथे दोन मोठे चमचे घाला आणि बाजूला उसळ ठेवा.

जेवणात लिंबू, कैरी किंवा कच्चा कोबी असू द्या, लोह शोषायला मदत होते. आमसुलाने तो उपयोग होत नाही. चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर टाळा. जवस भाजून कुटलेलंच खा, अख्खं तसंच बाहेर जातं. रोज एक मोठा चमचा पुरे.

परसदार

सगळ्यांचे मनापासून आभार. देठांचं विरजण आजच लावते. आयोडिनचं तर डोक्यातच नव्हतं, घरात खडेमीठच आहे.

राहिलं ते तूप आणि नैवेद्य. सासूबाईंना दुखवायचं नाही, हे माझ्यासाठी सगळ्यात वरचं. आणि एक भर घालते: काळे वाटाणे पाच-सहा शिट्या करूनही मधे टणक राहतात, त्याचं काय? तव्याचंही सांगा, मासे तळलेल्या तव्यावर घावणे करायचे की वेगळा ठेवायचा?

हळदीचं पान

परसदारताई, गणपतीचं तुम्हाला वाटतंय तितकं अवघड नाही.

उकडीच्या मोदकात तूप दोन ठिकाणी जातं, उकडीत चमचाभर आणि वरून. उकडीला एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूट मीठ आणि एक चमचा ताजं खोबरेल. भाद्रपदात ते गोठत नाही, त्यामुळे मळताना त्रास होत नाही. खवट वास असलेलं तेल घेऊ नका, उकड तो वास लगेच पकडते. मोदक फुटतात ते तूप नसल्यामुळे नव्हे. पीठ जुनं असतं किंवा उकड गार झाल्यावर मळलेली असते. पाण्याचा हात लावत, चटके सोसवतील तेवढी गरम असतानाच मळायची. चून, म्हणजे आतलं सारण करताना दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, तूप लागतच नाही, खोबऱ्याचंच तेल सुटतं. गूळ विरघळून मिश्रण कडा सोडायला लागलं की उतरवा, त्याहून पुढे गेलं की गार झाल्यावर दगडासारखं होतं. वरून तुपाऐवजी वेलची-जायफळ घातलेला नारळाचा गोड रस वाढा, शिरवळ्यांबरोबर देतो तसा.

तो रस गुळामुळे फाटतो अशी तक्रार नेहमी येते. गूळ थोडा आम्ल असतो. गूळ पाव वाटी पाण्यात वेगळा विरघळवून, गाळून, पूर्ण गार करून मग रसात मिसळायचा आणि पुन्हा गॅसवर ठेवायचा नाही. पातोळ्या, खापरोळ्या, शिरवळे या तिन्हींना हीच रीत.

नारळी भातात लवंगांची फोडणी खोबरेलात द्या. गूळ मात्र भात पूर्ण शिजल्यावरच. आधी घातला की तांदूळ आखडतो, मग कितीही वाफ द्या, कणी राहते.

ऋषिपंचमीच्या भाजीकडे तर वेगळ्या नजरेने बघा. बैलाच्या श्रमाचं खायचं नाही म्हणून परसातलं अळू, भोपळा, माठ, भेंडी, कंद, मक्याचं कणीस असं घेऊन ही भाजी होते. प्राण्याच्या कष्टाचा विचार करणारा हा नेम आपल्या घरांत पूर्वीपासून आहे, सासूबाईंशी बोलायला याहून चांगली जागा नाही. घाण्याचं तेल चालत नाही म्हणून काही घरांत तिला तूप-लोणी लावतात, तिथे मूठभर ओलं खोबरं आणि शेवटी आंबट चुका किंवा चिंच पुरे.

पंचामृत बदलायच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत. दूध, दही, तूप, मध, साखर, त्यातलं चार जिन्नस तुम्हाला वर्ज्य. ते देवाचं आहे, सासूबाईंचं आहे, तसंच राहू द्या. तुमच्या हातावर तुळशीचं पान, फळ, मोदक घ्या. मोदक सगळ्यांसाठी एकाच चुनाचे, एकाच उकडीचे झाले की पंगत एक राहते, तूप ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. वरणाचंही तेच: फोडणी तेलाची, तुपाची वाटी ताटाबाहेर.

वरणभातावर तुपाऐवजी काय म्हणाल, तर तुपाची दोन कामं असतात, वास आणि ओशटपणा. एकाच गोष्टीने दोन्ही होत नाहीत. चार वाट्या वरणाला दोन चमचे शेंगदाणा तेल, त्यात जिरं, हिंग, ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत, गॅस बंद करून कढीपत्ता, आणि वाढताना दोन चमचे दाट नारळाचा रस. वनस्पती तुपात दूध नसतं, पण त्याची चव तुपाची नाही आणि ते रोज खाण्याजोगंही नाही. मार्जरीन घेतलंत तर वेष्टण वाचा, काहींत दुधाचे घटक असतात.

आगळवाला

वेष्टणांवरून एक महत्त्वाचं. हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे. आपल्या नियमांत दूध, मध, मेण आणि लाखेचा लेप असलेला पदार्थही हिरव्या ठिपक्यात बसतो. व्हीगनसाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ च्या नियमांत वेगळं हिरवं 'व्ही' चिन्ह आणलं, पण तालुक्याच्या दुकानात ते क्वचित दिसतं. तेव्हा घटक वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर ऑइल, मिल्क पावडर. ९०१ म्हणजे मधमाश्यांचं मेण, ९०४ म्हणजे लाख, चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर असते. घटकांखाली ठळक अक्षरांत 'दूध आहे' अशी सूचना असते, घाईत असलात तर आधी तिथेच बघा.

इथल्या वस्तूंपैकी मालवणी खाजं, तळलेले गरे, कोकम सरबत सहसा चालतात. आंबापोळी आणि फणसपोळी मात्र विचारून घ्या, कारण रस वाळत घालताना ताटाला तुपाचा हात लावायची पद्धत आहे. बेकरीचा पाव साधा असेल तर चालतो, पण वरून दूध किंवा लोणी फिरवतात का ते विचारा. नानकटाई तुपाची की वनस्पतीची, तेही. खानावळीत भाजीत सुकट किंवा जवळा टाकतात, वांग्यात हमखास. 'व्हेज आहे ना?' असं न विचारता 'सुकट, तूप, दही घातलंय का?' असं नाव घेऊन विचारा.

तिरफळ

काळे वाटाणे. टणक राहण्याची कारणं तीन. जुना माल, हे पहिलं. गरम दमट हवेत साठवलेलं कडधान्य वर्षभरात असं होतं की भिजतं पण शिजत नाही. आपल्याकडे घरात साठवायचंच असेल तर पावसाळ्याआधी कडक ऊन देऊन हवाबंद ठेवा, आणि शक्यतो सहा-आठ महिन्यांचंच आणा. दुसरं, आंबट आधी घालणं. आमसूल, चिंच, टोमॅटो यांच्यामुळे साल आणि गर आखडतो. वाटाणा बोटाने पूर्ण चेपला गेल्यावरच आमसूल. तिसरं, शिट्या मोजणं. शिटी म्हणजे वेळ नव्हे. बारा तास भिजवलेले वाटाणे दोन शिट्यांनंतर बारीक गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर साल लवकर मऊ होतं. खायचा सोडा टाळा, बी १ मरतं आणि चव साबणासारखी होते.

माशांचा झणका वाटणात असतो, मासा त्याला फक्त वाहून नेतो. तिखल्याचं, म्हणजे तिरफळ घातलेल्या माशांच्या दाट कालवणाचं वाटण असं: एक वाटी ओलं खोबरं, सहा-सात भिजवलेल्या बेडगी मिरच्या, एक चमचा धणे, पाव चमचा हळद, सगळं लोण्यासारखं वाटून. सहा-सात तिरफळं आतल्या काळ्या बिया काढून फक्त ठेचायची, वाटायची नाहीत, वाटली की कडू उतरतात. चार आमसुलं. यात सुरण, कच्चं केळं, नीरफणस किंवा पावसाळ्यात ओळखीच्या माणसाने आणलेली अळंबी.

गडबड इथे होते: भाजीचा गर माशासारखा रस पीत नाही, म्हणून वाटणात नुसती उकळली की आतून फिकी लागते. फोडी आधी मीठ आणि दोन आमसुलं घातलेल्या पाण्यात पाऊण शिजवून घ्या. सुरणाची खाजही त्यानेच जाते. मग वाटण, तिरफळं घालून मंद आचेवर दहा मिनिटं, झाकून. दोन तास मुरल्यावर जास्त चांगलं लागतं. वरून कच्च्या खोबरेलाची धार, चमचाभर. ती विसरू नका, त्या धारेने जेवण पुरं होतं.

नीरफणसाची कापं अर्धा सेंटिमीटर जाडीची, चीक जाण्यासाठी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवून, पुसून, आगळ-हळद-तिखट लावून अर्धा तास. दोन भाग रवा, एक भाग तांदळाचं पीठ. तेल आधी नीट तापू द्या, गार तेलात टाकली तर स्पंजासारखं पितात. पहिली तीन मिनिटं झाकण, मग उघडी.

तवा वेगळाच ठेवा. बिडाचा तवा तेल पितो, मासे तळलेल्या तव्याचा वास घासून पूर्ण जात नाही आणि घावण्यात उतरतो. शिवाय साबणाने जोरात घासला की त्याचं मुरलेलं तेल निघतं आणि घावणे चिकटायला लागतात. नवा बिडाचा तवा घेतलात तर पहिले तीन-चार दिवस त्यावर कांदा आणि तेल घालून काळा होईपर्यंत परता, तो कांदा टाकून द्या, मग घावणे घाला. भाजीच्या तेलाची बुडकुलीही वेगळी ठेवा. मासे तळून उरलेलं तेल गाळून फोडणीला वापरायची सवय बऱ्याच घरांत असते, ते आधीच घरात बोलून घेतलेलं बरं.